आत्याचं पोस्टकार्ड : विश्वास नाही, तरी फाडवत का नाही?

अर्धविराम · रविवार, रात्री ११:५२

शाप, तळतळाट, भूतबाधा यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

माझ्यासमोर एक पोस्टकार्ड आहे. १९७९ चं. पिवळं पडलंय, एका कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचं भोक आहे. माझ्या आत्याने माझ्या वडिलांना लिहिलेलं. आत्या तरुणपणीच विधवा झाली. तिला माहेरच्या घरातल्या दोन खोल्या हव्या होत्या. वडील आणि काकांनी दिल्या नाहीत. पुढे ते घरही विकलं. कोणाचं चूक, कोणाचं बरोबर हे मी लहान होते म्हणून मला माहीत नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आता वाटतं, माहीत आहे.

कार्डातलं एक वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे आणि मोठ्याने कुणीच म्हणत नाही. ‘त्या घरात कुणी सुखाने साठी बघणार नाही.’ ‘साठी’ शब्दावर टाक इतका दाबलाय की मागच्या बाजूने बोट फिरवलं तर हाताला लागतो.

काका ५४ व्या वर्षी गेले. वडील ५८ व्या. दोघेही हार्ट अटॅकने.

आता चुलत भाऊ, आमचा दादा, ५९ चा आहे. फेब्रुवारीत साठ पूर्ण होतील. गेले सहा महिने तो विचित्र वागतोय. मुलाला बँकेची सगळी कागदपत्रं समजावून सांगितली. जिना चढताना दम लागतो, पण डॉक्टरकडे जायला तयार नाही. ‘कशाला, ठरलंय ते,’ म्हणतो. वहिनीने परवा मला फोन केला की ते कार्ड तुझ्याकडे आहे ना, जाळून टाक, नाहीतर कुणाला तरी विचारून काहीतरी करून घेऊ.

मी म्हटलं, वेडेपणा आहे, आत्ता फाडते. फोन ठेवला. कार्ड हातात घेतलं. फाडवेना. दोन दिवस झाले.

तर विचारायचं ते हे. तुम्ही मानता का? आणि मानत नसाल तर तुम्ही फाडलं असतं का?

---

कोरडा_पाषाण · सोमवार, सकाळी ७:१४

कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. फाडा आणि चहाला लागा. धागा बंद.

---

ठोकळा · सोमवार, सकाळी ७:३१

पाषाणराव आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. मी चटई अंथरून बसलोय.

---

दवबिंदू · सोमवार, सकाळी १०:०५

मी मानते. हसा खुशाल.

पण शाप आणि तळतळाट यांत गल्लत नको. शाप द्यायला अधिकार लागतो, तपश्चर्या लागते. तळतळाटाला काहीच लागत नाही. तो द्यावाही लागत नाही. ज्याचं हिसकावलं त्याच्या पोटातून तो आपोआप उठतो, मग त्याने तोंड उघडो वा न उघडो. तुमच्या आत्यांनी लिहिलं म्हणून तुम्हाला कळलं. न लिहिलेले किती असतील कुणी सांगावं!

आणि एक. आपल्या पुराणांत शाप एकटा येत नाही, बरोबर उःशाप येतो. आणि तो मागायचा असतो ज्याने शाप दिला त्याच्याकडेच. कार्ड जाळून काय होणार? ज्या बाईच्या दोन खोल्या गेल्या तिला कुणी विचारलं का?

---

कोरडा_पाषाण · सोमवार, सकाळी १०:२०

दवबिंदू, मग ज्यांनी जगभर लुटालूट केली ते ऐंशी-नव्वद वर्षं सुखात जगून मऊ गादीवर मेले, त्यांना तळतळाट का नाही लागला? त्यांच्याच बाबतीत वीज गेली होती का?

---

दवबिंदू · सोमवार, सकाळी १०:४४

ते सुखात मेले हे तुम्हाला कोणी सांगितलं?

---

ठोकळा · सोमवार, सकाळी १०:४६

१–१.

---

नाडीपरीक्षा · सोमवार, दुपारी २:३८

ओपीडी संपवून लिहितोय, थोडं लांबेल.

आधी दादांबद्दल. ज्याचे वडील ५४ व्या वर्षी हृदयविकाराने गेले आणि ज्याला आता जिना चढताना दम लागतो, त्याच्या बाबतीत आम्ही शाप हा शब्द वापरत नाही. फॅमिली हिस्टरी म्हणतो. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर ती जोखीम स्वतंत्रपणे मोजतात. कार्ड फाडा नाहीतर फ्रेम करा, पण ईसीजी, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल या आठवड्यात झालंच पाहिजे. पुढचं डॉक्टर सांगतील. दम लागणं ही वाट बघायची गोष्ट नाही.

आता शापाबद्दल. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्या मते वैद्यकशास्त्रातली आहे.

२००७ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक केस छापून आली. नैराश्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. त्यात भाग घेतलेल्या एका तरुणाने मैत्रिणीशी भांडण झाल्यावर उरलेल्या सगळ्या कॅप्सूल, म्हणजे २९, एकदम गिळल्या. मग घाबरून इस्पितळात आला आणि कोसळला. घाम, थरथर, रक्तदाब खाली गेलेला, नाडी जोरात. सलाइन लावलं तरी सुधारेना. शेवटी चाचणीच्या डॉक्टरांनी नोंद तपासली. तो त्या गटात होता ज्याला औषध दिलंच नव्हतं. कॅप्सूलमध्ये औषधाचा कणही नव्हता. हे त्याला सांगितलं आणि पंधरा मिनिटांत रक्तदाब, नाडी सगळं जागेवर आलं.

याला नोसिबो म्हणतात, प्लासिबोचा उलटा भाऊ. भलं होईल या समजुतीने बरं वाटतं, तसं वाईट होईल या समजुतीने खरोखर बिघडतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये यावर निबंध लिहिला होता. जमातीतल्या मांत्रिकाने शाप दिला म्हणून धडधाकट माणूस काही दिवसांत मेला, अशा हकिगती त्याने गोळा केल्या. त्याने स्वतः असा रुग्ण पाहिला नव्हता, सगळं प्रवासी, मिशनरी आणि डॉक्टरांकडून ऐकलेलं, त्यामुळे जपूनच घ्यायला हवं. पण त्याच्या एका निरीक्षणाशी माझी रोज गाठ पडते. शापित माणूस एकटा मरत नाही. आजूबाजूचे त्याला आधीच मेलेला धरून चालतात. त्याच्याशी बोलणं कमी होतं, त्याच्या पुढच्या वर्षाच्या गोष्टी निघत नाहीत, आणि तोही हळूहळू खाणंपिणं सोडतो.

बँकेची कागदपत्रं समजावून झाली असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थांबलो. दादांनी ती समजावली. घरातल्यांनी ती मुकाट समजून घेतली.

---

अर्धविराम · सोमवार, दुपारी ३:१०

नाडीपरीक्षा, शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. वहिनीला फोन करते.

---

निशाचर · सोमवार, रात्री ११:१८

शापाचं माहीत नाही, पण ‘काहीतरी’ आहे असं मी अनुभवाने सांगतो. पहाटे जाग येते, डोळे उघडे, खोली दिसते, पण हातपाय हलत नाहीत. छातीवर कोणी बसलंय. दाराशी कोणीतरी उभं. ओरडायचं म्हटलं तर आवाज फुटत नाही. आठ-दहा वेळा झालंय. ज्याला झालं नाही त्याने याला भास म्हणू नये.

---

नाडीपरीक्षा · मंगळवार, सकाळी ८:२५

निशाचर, भास आहे, पण खोटा नाही. स्वप्नाच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात धावताना पलंगावरून पडलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मधल्या त्या काही सेकंदांत किंवा मिनिटांत स्वप्नही चालू असतं आणि खोलीही दिसत असते. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी होतं. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी बसते म्हणतात. जागरण आणि उताणं झोपणं टाळून बघा.

---

निशाचर · मंगळवार, सकाळी ८:५१

उताणाच झोपतो. पण मग जपान्यापासून कॅनडावाल्यापर्यंत सगळ्यांना छातीवर बसलेलंच कसं दिसतं?

---

नाडीपरीक्षा · मंगळवार, सकाळी ९:०२

कारण छाती सगळ्यांची सारखीच. त्या झोपेत श्वास उथळ असतो, खोल घ्यायचा प्रयत्न करावा तर घेता येत नाही. दडपण खरं असतं, बसणारा कोण ते ज्याचं त्याचं घर ठरवतं.

---

यंत्रमानव · मंगळवार, सकाळी ११:३०

निशाचरसाठी एक भारी किस्सा. विक टँडी नावाचा इंग्रज इंजिनिअर एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथे भूत आहे अशी बोलवा होती. एका रात्री एकटा असताना त्याला घाम फुटला, मानेवर काटा आला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती सरकताना दिसली. वळून बघितलं तर गायब. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी त्याने आपलं पातं दुरुस्तीला शिकंज्यात अडकवलं आणि ते पातं आपोआप थरथरायला लागलं! दुसरा कोणी पळाला असता. याने शिकंजा खोलीभर सरकवून बघितला. थरथर खोलीच्या मध्यावर सगळ्यात जास्त, भिंतींजवळ बंद. मग लक्षात आलं की नव्याने बसवलेला हवा खेचणारा पंखा सुमारे १९ हर्ट्झचा ध्वनी सोडतोय. कानाला ऐकू येत नाही इतका खालचा. पंख्याची बसकण बदलली, भूत गेलं. १९९८ मध्ये त्याने हे छापलं.

---

आकडेमोड · मंगळवार, दुपारी १२:१५

यंत्रमानव, किस्सा छानच, पण पुढचा भागही सांगा. लंडनच्या मानसशास्त्रज्ञांनी नंतर एक रिकामी खोली मुद्दाम तशी बनवली. कधी तो ध्वनी चालू, कधी बंद, कधी विद्युतचुंबकीय क्षेत्र चालू, कधी बंद. लोकांना आधी सांगितलं की आत काही विचित्र जाणवू शकतं. आणि जाणवलं की! कुणाला चक्कर, कुणाला कोणीतरी असल्याचा भास. फक्त ध्वनी चालू होता की बंद याच्याशी त्याचा काही संबंध लागला नाही. म्हणजे पंख्यापेक्षा ‘आत काही जाणवू शकतं’ हे वाक्यच जास्त कामाचं निघालं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि त्याला आमंत्रण द्यायला एक वाक्य पुरतं.

बरं, अर्धविराम, मला तुमच्या घराचा हिशोब हवाय. कार्ड आलं तेव्हा घरात कोण कोण होतं? सगळे. फक्त गेलेले नकोत. कोण किती जगलं ते लिहा.

---

जुनापुराणा · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

उशिरा पोचलो. या विषयावर माझा जीव आहे, त्यामुळे माफी असावी.

इंग्लंडात बाथ गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर रोमन काळातलं एका देवीचं ठाणं होतं. तिथे १९७९-८० च्या उत्खननात, म्हणजे तुमच्या पोस्टकार्डाच्याच सुमारास बघा, शिशाचे छोटे पातळ पत्रे निघाले. सगळे मिळून सुमारे १३०. त्यावर टोकदार लेखणीने शाप कोरलेले, गुंडाळी करून झऱ्यात टाकलेले. राजे, सेनापती, राज्य बुडो वगैरे काही नाही. जवळजवळ सगळे चोरीचे! झगा गेला, पैसे गेले, भांडं गेलं. एका माणसाचे हातमोजे गेले, दोन, तर त्याची मागणी आहे की चोराची बुद्धी आणि डोळे जावोत. आणि चोर कोण हे माहीत नसल्यामुळे वकिली काळजीने लिहायचे : पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र. कुणी निसटायला नको.

मला हे वाचून हसू येतं आणि मग येत नाही. ज्याच्याकडे चोर शोधायला शिपाई नाही, खटला लढायला ऐपत नाही, तो माणूस गुडघ्यावर शिशाचा पत्रा घेऊन बसलाय आणि कोरतोय. शाप म्हणजे दाद मागायची शेवटची खिडकी.

आपल्याकडे राजेही शाप लिहून ठेवायचे, कारण मेल्यावर राजाही असहायच. ताम्रपटांच्या शेवटी ठरलेला श्लोक असतो : ‘स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम् । षष्टिं वर्षसहस्राणि विष्ठायां जायते कृमिः ॥’ दान दिलेली जमीन, मी दिलेली असो की दुसऱ्याने, जो हिसकावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. ज्यांना श्लोक वाचता येत नसे त्यांच्यासाठी शिलाहार काळापासून दगडावर गाढवाचं चित्रच कोरलेलं असे, त्या दगडांना गद्धेगाळ म्हणतात. चित्रात काय आहे ते इथे लिहीत नाही, मंडळी शोधतील.

(साठ हजार वर्षं आणि तुमच्या आत्यांची साठी. साठ या आकड्याचं काय असतं कोण जाणे.)

उलट ज्या शापाचा सगळ्यात जास्त गाजावाजा झाला तो मुळात नव्हताच. इजिप्तचा राजा तुतनखामेन याचं थडगं नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडलं आणि ५ एप्रिल १९२३ ला खोदकामाचा खर्च करणारा लॉर्ड कार्नार्व्हन कैरोत वारला. डास चावला होता, दाढी करताना ती जागा कापली, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया. वर्तमानपत्रांनी शाप उचलला. पण थडग्यात तसा शाप कोरलेला सापडलाच नाही. आणि खणणारा हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला. पहिल्यांदा आत शिरलेल्यांपैकी कार्नार्व्हनची मुलगी १९८० मध्ये गेली.

अर्धविराम, त्या कार्डावरचा पूर्ण मजकूर द्याल का? शाप कुणीच नुसता लिहीत नाही. मागेपुढे काय आहे?

---

आकडेमोड · मंगळवार, संध्याकाळी ७:०५

तुतनखामेनवर २००२ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात चक्क अभ्यास आलाय. तेव्हा इजिप्तमध्ये असलेल्या ४४ पाश्चात्त्य माणसांची यादी घेतली, त्यातले २५ जण थडगं किंवा ममी उघडताना हजर होते. हजर असलेले आणि नसलेले यांच्या आयुष्यात शापाच्या खात्यावर टाकावा असा फरक निघाला नाही. म्हणून तर तुमच्याकडे यादी मागतोय.

---

अर्धविराम · मंगळवार, रात्री १०:३३

घ्या यादी. घरात तेव्हा नऊ माणसं होतो.

आजी : तेव्हाच साठी ओलांडलेली होती, ८४ व्या वर्षी झोपेत गेली.
वडील : ५८.
मोठे काका : ५४.
धाकटे काका : ७१.
काकू : ७३.
आई : ७९, आत्ता आतल्या खोलीत मालिका बघतेय.
दादा ५९, मी ५२, माझा भाऊ ४९.

लिहिताना माझं मलाच आश्चर्य वाटलं. आजी धरलीच नाही तरी साठी न बघणारे दोन, बघणारे तीन, आणि आम्ही तिघं रांगेत. पण धाकट्या काकांना आम्ही मोजतच नव्हतो! ‘तो परगावी होता म्हणून सुटला’ असं घरात म्हणायचे. तो परगावी गेला १९८४ मध्ये. आई आणि काकू ‘बाहेरून आलेल्या’. आणि आकड्यात बसत नसेल तर ‘सुखाने’ हा शब्द आहेच. काकूचे गुडघे दुखायचे, म्हणजे सुखाने कुठे?

पूर्ण मजकूर आता टाइप करते. तसाच देते.

‘तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष. तुमचे पत्र पावले. दोन खोल्यांत मी आणि मुलगी राहिलो असतो. कुणाला जड झालो नसतो. तुम्ही नाही म्हणालात. माझ्या पोरीचे छप्पर काढून घेतलेत, त्या घरात कुणी सुखाने साठी बघणार नाही. आईची काळजी घ्यावी, तिला थंडी सोसत नाही. दोन्ही वहिनींना नमस्कार. मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे.’

---

ठोकळा · मंगळवार, रात्री १०:४१

एक मिनिट. एक मिनिट.

‘मुलांना अनेक आशीर्वाद.’ दादा तेव्हा किती वर्षांचे?

---

अर्धविराम · मंगळवार, रात्री १०:४४

चौदा.

---

ठोकळा · मंगळवार, रात्री १०:४९

मग युवर ऑनर, दादा शापाच्या कक्षेत येतच नाहीत. त्यांचं नाव आशीर्वादाच्या यादीत आहे. एकाच कार्डावर, एकाच सहीने. शाप लागू धरायचा तर आशीर्वादही लागू धरावा लागेल. आणि तो ‘अनेक’ आहे. शाप एकच आहे. हलकंच घ्या. पण खरंच घ्या.

---

जुनापुराणा · मंगळवार, रात्री ११:०२

ठोकळा, आजवरचा तुमचा पहिला कामाचा प्रतिसाद.

मला त्या थंडीच्या वाक्याने गप्प केलं. शाप लिहून झाल्यावर तिला आईची थंडी आठवते.

---

दवबिंदू · मंगळवार, रात्री ११:२०

‘माझ्या पोरीचे छप्पर.’ ती पोरगी कुठे आहे आता?

---

कोरडा_पाषाण · बुधवार, सकाळी ६:५०

भावनांना हात घालणं पुरे. अर्धविराम यांचा मूळ प्रश्न होता की न मानणाऱ्याने फाडलं असतं का. मी एका सेकंदात फाडलं असतं. कागद आहे तो.

---

आकडेमोड · बुधवार, सकाळी ९:३७

इतकं सोपं नाही हो. १९८६ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. दोन स्वच्छ बाटल्या, दोन्हींत माणसासमोर साखर भरली. दोन लेबलं दिली, एकावर साखर आणि दुसऱ्यावर सायनाइड. कुठलं लेबल कुठल्या बाटलीला हे त्यानेच लावायचं. मग दोन्हींचं पाणी केलं. लोक सायनाइडच्या लेबलाचं पाणी प्यायला नाखूष! लेबल स्वतःच्या हाताने लावलेलं, आत साखर आहे हे डोळ्यांनी बघितलेलं.

फिनलंडमध्ये आणखी पुढे गेले. आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही मोठ्याने म्हणायला लावलं की देवा, माझ्या आईवडिलांचं असं असं वाईट कर. तळहाताच्या घामाचं माप घेत होते. नास्तिकांनी तोंडाने सांगितलं की आम्हाला विशेष काही वाटलं नाही. घाम आस्तिकांइतकाच.

पाषाणराव, तुम्हाला एक कागद. त्यावर तुमच्या मुलीचं नाव लिहा, पुढे ‘हिचं या वर्षी काहीतरी वाईट व्हावं’ असं लिहून खाली सही करा. फोटो नको. लिहिलंत की इथे नुसतं ‘झालं’ म्हणा.

---

कोरडा_पाषाण · बुधवार, सकाळी ९:५५

पोरकटपणा. आत्ता करतो.

---

ठोकळा · बुधवार, सकाळी ११:४०

पाषाणराव?

---

कोरडा_पाषाण · बुधवार, दुपारी १:२२

नाव लिहिलं. पुढे नाही लिहिलं.

मत बदललेलं नाही. कागदाने काही होत नाही. पण तिचं नाव लिहून पुढे ते लिहिणं हा मला घाणेरडेपणा वाटला. त्याला अंधश्रद्धा म्हणायचं असेल तर म्हणा.

---

दवबिंदू · बुधवार, दुपारी १:३०

म्हणत नाही.

---

रोमातून_बाहेर · बुधवार, रात्री १२:१४

बरीच वर्षं इथे फक्त वाचते. पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या.

सगळे शाप लागलेल्यांचं बोलताय. मी दिलेला आहे.

ओळखीतल्या एकाने आमची सगळी पुंजी बुडवली. मी त्याच्या दारात उभी राहून म्हणाले, माझ्या लेकरांना रडवलंस, तुझी रडतील. एवढंच. तो हसला. आठ महिन्यांनी त्याच्या मुलाला अपघात झाला. अकरा वर्षांचा होता. पाय गेला नाही, पण आखूड झाला.

मी इस्पितळात गेले होते. जिन्यापर्यंत. वर गेलेच नाही. आजही तो मुलगा, आता चांगला तिशीचा आहे, लंगडत समोरून येताना दिसला की मी रस्ता बदलते.

मी संस्कृत शिकवत होते. काकतालीय न्याय दरवर्षी फळ्यावर लिहून समजावला. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. मुलं हसायची. मला कळतं सगळं. पण तो कावळा मी आहे, त्यामुळे मला फळाकडे बघवत नाही.

अर्धविराम, तुमच्या आत्यांना दोन्ही भाऊ गेल्याचं कळलं असेल. तेव्हा त्यांचं काय झालं असेल याचा विचार तुमच्या घरात कुणी केला का?

---

ठोकळा · बुधवार, रात्री १२:३०

नमस्कार.

---

नाडीपरीक्षा · गुरुवार, सकाळी ८:१०

रोमातून_बाहेर, तो मुलगा तुम्हाला ओळखतो का? उत्तर इथे देऊ नका. पण तो बहुधा तुमच्याकडे ‘आईच्या ओळखीतल्या बाई’ म्हणूनच बघत असेल. रस्ता बदलू नका एकदा.

---

अर्धविराम · रविवार, रात्री ९:४५

तीन दिवस गायब होते. सांगते.

आत्या १९९६ मध्येच गेली. तिच्या मुलीचा, म्हणजे माझ्या आतेबहिणीचा नंबर मिळवायला सहा फोन करावे लागले. चाळीसहून अधिक वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. काय म्हणायचं ते ठरवून फोन केला आणि सगळं विसरले. सरळ कार्ड वाचून दाखवलं, नमस्कारापासून कळावेपर्यंत.

तिला या कार्डाबद्दल काहीच माहीत नव्हतं. आईने घरात कधी काही बोलून दाखवलं नाही म्हणाली. माझे वडील गेल्याचं कळलं त्या दिवशी आत्या जेवली नव्हती, एवढं तिला आठवतं. ‘थोरला गेला,’ असं नुसतं म्हणत बसली होती.

मी खोल्यांबद्दल माफी मागायला लागले तर ती म्हणाली, ते राहू दे, आता काय. मग म्हणाली, ते कार्ड तू फाडणार आहेस का?

मी म्हटलं, घरातले जाळ म्हणतायत.

म्हणाली, नको ना. मला दे. आईच्या अक्षरातलं माझ्याकडे काहीच नाही.

पुढच्या रविवारी जाते. दादाला बरोबर चल म्हटलंय. तो ईसीजी करायला मात्र गेला, वहिनी आणि मुलगा दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेले. ईसीजीत काहीतरी बदल आहेत म्हणून पुढच्या तपासण्या लावल्यात. नाडीपरीक्षा, तुम्हाला वेगळं कळवते.

---

दवबिंदू · रविवार, रात्री ९:५८

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका.

---

कोरडा_पाषाण · रविवार, रात्री १०:०३

+१. कशावर +१ आहे ते विचारू नका.

---

निशाचर · शुक्रवार, ७ मार्च, रात्री १:२०

धागा वर काढतोय. दादांची साठी झाली का? (कुशीवर झोपायला लागल्यापासून म्हातारी दोनदाच आली.)

---

अर्धविराम · शुक्रवार, ७ मार्च, सकाळी १०:१५

झाली. १९ फेब्रुवारीला. एक स्टेंट बसलाय, पायी फिरतो, मीठ कमी केल्याबद्दल सगळ्यांना शिव्या देतो. आतेबहीण आली होती. कार्ड तिने प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलंय, आम्हाला दाखवायला बरोबर आणलं होतं. दादाने हातात घेतलं, शेवटची ओळ वाचली आणि परत दिलं. बोलला काहीच नाही.

आणि आदल्या रात्रीचं लिहून ठेवते. बाराला पाच कमी असताना मी त्याला फोन केला. वाजत राहिला, उचलला नाही. परत केला. नाही. तिसऱ्यांदा नंबर लावताना माझा अंगठा थरथरत होता आणि मला ‘साठी’ हा शब्द बोटाला लागत होता, कार्ड घरात नसताना.

झोपला होता. वहिनीने उचलला.

---

ठोकळा · शुक्रवार, ७ मार्च, सकाळी १०:३०

तळहाताला घाम आला होता का?

---

अर्धविराम · शुक्रवार, ७ मार्च, सकाळी १०:३१

आला होता.